पहिल्या कोंबड्या बाराच घ्या, पाचशे नकोत

मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, "सर, पाचशे पक्ष्यांच्या शेडला कर्ज कुठून मिळेल?" माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आधी बारा कोंबड्या वर्षभर सांभाळा. शेड नको, कर्ज नको. घरामागे, परसात, एका खुराड्यात.

बारा कोंबड्यांत मिळणार काय? फार नाही मिळत. हिशोबच मांडू. दोन महिन्यांच्या १२ तलंगा आणल्या. मुंगूस, आजार यात दोन गेल्या असं धरा, राहिल्या १०. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. गिरिराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती नीट ठेवल्या तर दुपटीच्या आसपास. आपण १४० धरू, म्हणजे एकूण १४०० अंडी. १२ रुपयांप्रमाणे १६,८०० रुपये. कोंबडी बाहेर किडे-गवत टिपते, तरी वरून रोज ६० ग्रॅम खाद्य घालावं लागेल असं धरू. वर्षाला २१९ किलो, ३५ रुपयांनी ७,६६५. उरले ९,१३५. यातून तलंगांची किंमत, खुराडं आणि लस अजून वजा व्हायची आहे. शिवाय पहिले साडेतीन-चार महिने त्या नुसत्या खातात. भाव मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. आणि घरच्यांनी खाल्लेलं अंडंही भाव लावून वहीत लिहा, नाहीतर धंदा तोट्यात का आहे ते कधीच कळत नाही.

पण बारातल्या दोन मेल्या तर ते नुकसान आपण पचवतो. तीच गळती पाचशेत ८३ पक्षी होते, आणि डोक्यावर हप्ता असतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या करारात किती शेतकऱ्यांचे पैसे अडकले, आठवतं ना? ती माणसं आळशी नव्हती. "पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो" या एका वाक्यावर त्यांनी विश्वास ठेवला. ज्याला आपलं गिऱ्हाईक स्वतः शोधता येत नाही, त्याला असं वाक्य फार गोड लागतं.

म्हणून माझा आग्रह आहे की तलंगा आणायच्या आधी गिऱ्हाईक शोधा. आठ-दहा घरं पक्की करा, आठवड्याला कोण किती अंडी घेणार ते लिहून घ्या. आणि खरं बोला. सुधारित जातीचं तपकिरी अंडं 'गावरान' म्हणून विकू नका. कवचाचा रंग जातीवर असतो, खाद्यावर नाही. "परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी" एवढं सांगितलं तरी लोक घेतात, आणि एकदा विश्वास बसला की भावावर घासाघीस कमी करतात.

एक दिवसाची पिल्लं स्वस्त दिसतात, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करायची. रात्री लाईट गेली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि चेंगरून मरतात. तलंगांचे थोडे जास्त पैसे जातात, ते जाऊ द्या. घेताना मात्र लसी कोणत्या आणि कधी दिल्या ते विचारा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात शिरली तर लस न दिलेलं खुराडं चार दिवसांत रिकामं होऊ शकतं. यात एक व्यवहाराची अडचण आहे. लसीची कुपी साधारण १०० डोसची मिळते, आणि एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी ती परवडत नाही. तेव्हा आळीतल्या चार-पाच कोंबडीवाल्या घरांना जोडून घ्या, एकाच सकाळी सगळ्यांचं उरका. पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळापत्रक विचारून ठेवा. शेजाऱ्याच्या कोंबड्या आजारी असतील तर तुमच्याही सुरक्षित नाहीत, त्यामुळे हे उपकार वगैरे नाहीत.

खुराड्याला खर्च करायचाच तर जाळीवर करा. जाळी बारीक हवी, खालून जमिनीत थोडी पुरलेली, आणि कडी अशी की कुत्र्याला, मांजराला उघडता येणार नाही.

वेळेचं म्हणाल तर श्रावणात अंड्याला उठाव नसतो, थंडीत असतो. दोन महिन्यांच्या तलंगा मेअखेरीस, पाऊस लागायच्या आधी आणल्या तर त्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास अंड्यावर येतात. नवरात्र संपता संपता तुमचा माल तयार असतो. पावसाळ्यात मात्र खुराड्यातला भुसा कोरडा ठेवा, रोज हात घालून बघा. मुठीत गोळा होत असेल तर त्याच दिवशी बदला.