निवेदन मार्चमध्ये, निर्णय ऑक्टोबरमध्ये



राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिक्रिया हमखास येतात. ‘आदिवासींच्या तोंडाला पाने पुसली’, ‘आरोग्यासाठी तुटपुंजी तरतूद’ वगैरे. अशा प्रतिक्रिया मीही वर्षानुवर्षे दिल्या. आज माझ्याच सहकाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, की त्या दिवशी बोलून हाती काही लागत नाही.

पालघर जिल्ह्यात आम्ही गरोदर आणि स्तनदा मातांसाठी काम करतो. 2015 पासून अमृत आहार योजनेत त्यांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. जेवणाचा दर सरकारने ठरवलेला असतो, बाजारभाव मात्र वाढतच राहतात. एका वर्षी दर वाढवून मागायला आम्ही मार्चमध्ये निवेदन घेऊन गेलो. विभागातल्या साहेबांनी ते वाचले, पोच दिली आणि म्हणाले, “ताई, बजेटचं पुस्तक छापून झालं. आता पुरवणी मागण्यांत बघू.” त्यांचे खरेच होते. विभागांचे पुढच्या वर्षीचे अंदाज सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच आकाराला येतात, हिवाळ्यात जिल्हा नियोजन समितीचा आराखडा ठरतो. मार्चमध्ये सभागृहात येते त्यात फेरफाराला जागा फार थोडी उरते.

मग अंगणवाडी सेविकांनी वही घातली. रोजची तारीख, अंड्याचा, डाळीचा, तेलाचा भाव, जेवायला आलेल्या बाया, आणि पैसे न आल्याने चूल पेटली नाही ते दिवस. त्यातले एक पान डोळ्यांसमोरून हलत नाही. ओळीने अकरा तारखा, आणि प्रत्येकीपुढे दोनच शब्द, ‘अनुदान नाही’. ती वही घेऊन आम्ही ऑक्टोबरात पुन्हा गेलो, तेव्हा साहेबांनी कारकुनाला बोलावून आकडे उतरवून घेतले. विभागाला वर प्रस्ताव पाठवायला आधार लागतो. गावातला खरा हिशेब त्यांच्याकडे नसतो, तो आमच्याकडे असतो.

गुजरातेत ‘दिशा’ या संस्थेने नव्वदच्या दशकात हेच केले. आदिवासींसाठीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांचा ताळा घेतला, अर्थसंकल्पातल्या आकडेमोडीच्या चुका शोधल्या आणि अधिवेशन चालू असतानाच आमदारांच्या हाती छोटी टिपणे दिली. आपल्याकडे गडचिरोलीत ‘सर्च’ने नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत बसवली, मृत्यू मोजले, घटही मोजून दाखवली. 2011 मध्ये केंद्राने हे काम देशभरातल्या आशा कार्यकर्तींकडे सोपवले आणि आशांच्या भेटींच्या मोबदल्याची तरतूद सरकारी खर्चात आली. ‘सर्च’ने नुसते निवेदन दिले असते, तर हे घडले नसते.

निवडून न आलेल्या संस्थांनी सरकारच्या पैशात का बोलावे, असा आक्षेप नेहमी येतो. आक्षेप रास्त आहे. जिल्हा नियोजन समितीत किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असावेत, असे संविधानच सांगते, आणि ते तसेच राहावे. निर्णय त्यांचाच. पण त्या सदस्यापुढे बैठकीत आराखड्याचे जाडजूड बाड येते आणि काही तासांत त्याला मंजुरी द्यावी लागते. त्याच्या गटातल्या किती अंगणवाड्यांत मागच्या वर्षी चूल किती दिवस बंद होती, हे एका पानात त्याला कुणी आधी दिले, तर त्याचा अधिकार वाढतो, कमी होत नाही. अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना हे पान द्यायची भीती वाटते, हेही मला ठाऊक आहे. म्हणून ते पाच-सहा संस्थांनी मिळून द्यावे.

आणि तरतूद झाली म्हणजे पैसा आला, असे धरून चालू नये. मंजूर रकमेतले किती प्रत्यक्ष वितरित झाले, हे वित्त विभागाच्या ‘बीम्स’ प्रणालीवर लेखाशीर्षानुसार पाहता येते. पोषणाचे मुख्य शीर्ष 2236 आहे. आमच्या दोन बारावी झालेल्या मुली ते आता दर महिन्याला पाहतात.

सरकारकडे माझे मागणे एवढेच आहे. जिल्हा नियोजन समितीचा प्रारूप आराखडा बैठकीच्या किमान पंधरा दिवस आधी मराठीत, तालुकावार आकड्यांसह जाहीर करावा आणि पंचायत समितीच्या फलकावर लावावा. सेविकांच्या वह्या तिथे ताडून पाहता येतील.

— एक कार्यकर्ती, जि. पालघर