घर आणि शाळा : वाचताना अडखळणारे मूल

निजामी अमलात, म्हणजे १९४८ पर्यंत, घरी मराठी बोलणाऱ्या मुलास वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागे, हे धाराशिव जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांत वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असेल. त्या काळी अडखळणाऱ्या मुलाची अडचण कोठे आहे हे उघड होते. आज मायबोलीच्याच पुस्तकापुढे अडखळणारे मूल मात्र घरोघर 'ढ' ठरते. (ब्राह्मी लिपीपासून ह्या अक्षराचे रूप फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्यास ते नाव पडले, असे म्हणतात.)

हा प्रकार वैद्यकास नवा नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका चलाख मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. अंक तो सहज वाची, परंतु स्वतःच्या नावातील अक्षरेही उलटसुलट लिही. पुढील संशोधनात असे दिसून आले की, दोष बहुधा डोळ्यांचा नसून ध्वनी व अक्षर यांची सांगड मनात चटकन न बसण्याचा असतो.

आमची देवनागरी उच्चारानुसारी खरी. तथापि तिच्यातही खाचखळगे आहेत. 'कि' ह्या अक्षरातील वेलांटी लिहावयाची आधी आणि उच्चारावयाची नंतर. 'सूर्य' शब्दातील रकार उच्चारात आधी, पण लिहिताना 'य'च्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म ह्यांत तर केसाएवढाच फरक. इतर मुले हे वर्षभरात पचवितात; ह्या मुलास ते चौथीतही पचत नाही, आणि मग ते पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देते.

परंतु अडखळणारे प्रत्येक मूल ह्याच जातीचे नव्हे. उमरग्याकडे कित्येक घरांत कन्नड बोलतात, तांड्यांवर बंजारा बोली चालते, ऊसतोडीस गेलेल्यांच्या मुलांची शाळा महिनोन्‌महिने बुडते. त्यांना हवी आहे शिकवणी. जे मूल घरच्या भाषेतही साधी गोष्ट सांगू शकत नाही, त्याचे कान आधी तपासून मग वाचाभाषातज्ज्ञाकडे न्यावे. मराठीतून वाचनदोष तपासण्याची 'डाली' नावाची चाचणी २०१५ पासून उपलब्ध आहे.

शिक्षकांनी अशा मुलास भर वर्गात अवचित वाचावयास उभे करू नये. उतारा आदल्या दिवशी सांगावा, इतिहास-भूगोल तोंडी विचारावा, जोडाक्षरे फोडून, बोटाने गिरवून, मोठ्याने म्हणवून घ्यावीत. एकत्र कुटुंबात निराळेच संकट असते. चुलतभावाची प्रगतिपुस्तके जेवणाच्या पंक्तीत वाचली जातात! त्यापेक्षा आजीने रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखविले, तर निदान त्याचे ज्ञान तरी वयाबरोबर वाढत राहील.

राहता राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ह्या दोषास मान्यता दिली आहे. पण 'दिव्यांग' हा शब्द पाहताच पुष्कळ वडील कागद परत ठेवतात. पुढे सोयरिकीत अडचण येईल, हे भय. आम्हास हे भय समजते, परंतु त्याची किंमत मुलाने भरावी हे पटत नाही. त्या कागदावाचून दहावीस अधिक वेळ व लेखनिक मिळत नाही. तपासणीस वेळ लागतो. यास्तव मुख्याध्यापकांकडे आठवी-नववीतच चौकशी करावी.