गाडी विकली, पण आरसीवर नाव कोणाचं?



कापूस-मक्याचे पैसे हातात आले की आपल्या फुलंब्री तालुक्यात जुन्या गाड्यांचे व्यवहार जोरात सुरू होतात. चहाच्या टपरीवर भाव ठरतो, इसार दिला जातो, बाँडवर नोटरी होते. विकणारा कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या ठोकतो आणि म्हणतो, "घ्या, आता तुमचं तुम्ही नावावर करून घ्या." संपला व्यवहार!

संपत नाही हो. कायद्याच्या नजरेत आरसीवर ज्याचं नाव, तो मालक. बाँड, नोटरी हा तुमच्या दोघांतला कागद. सुप्रीम कोर्टाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे. २००७ मध्ये विकलेली कार हातोहात चौथ्या माणसाकडं गेली, २००९ मध्ये अपघात होऊन एक जीव गेला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. कोर्टाचं म्हणणं असं की, गाडी कोणाकोणाच्या हातून फिरली हे अपघातग्रस्तानं कशाला शोधत बसायचं? मला तर ते पटतं. ज्याच्या घरचा माणूस गेला त्यानं नोटऱ्या हुडकत फिरायचं का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. म्हणजे फॉर्म २९. घेणाऱ्याला फॉर्म ३० साठी ३० दिवस. आपल्याकडं मात्र सगळं घेणाऱ्यावर सोडून देतात, आणि पहिल्या चलानचा मेसेज आला की धावपळ.

इन्शुरन्सचंही तसंच. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडं जातो, पण त्यानंही १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करायची असते. फुल इन्शुरन्समधला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. गाडी ठोकली की क्लेम अडकलाच समजा. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला चालतं. ५० टक्क्यांपर्यंतची सूट फुकट का घालवायची?

डीलरला गाडी देत असाल तर एप्रिल २०२३ पासूनचा नियम लक्षात ठेवा: त्याच्याकडं आरटीओचं अधिकारपत्र हवं, आणि गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन सूचना त्यानं द्यायला हवी. "आम्ही बघतो" यावर विश्वास ठेवू नका.

दोष फक्त लोकांचा नाही. एका नावबदलासाठी फुलंब्रीहून शहरात खेटे घालायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, वर एजंटाचे पैसे. मग माणूस टाळणारच. तहसीलच्या गावी महिन्यातून एक दिवस फक्त हस्तांतरणासाठी कॅम्प लावावा, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून केली पाहिजे.

तोपर्यंत एवढं करा. गेल्या काही वर्षांत गाडी विकली असेल तर आज एमपरिवहनवर जुना एमएच २० नंबर टाका. नावातली काही अक्षरं झाकलेली दिसतील, पण आपलं नाव आपल्याला ओळखू येतंच.