बीडकरांनी कोणत्या चौपाटीवर जावं?

बीडहून कुणी मुंबईला निघालं की घरातून एक फर्माईश हमखास असते, "पोरांना समुद्र दाखवून आणा." राणीची बाग राहिली तरी चालेल, समुद्र राहता कामा नये! आमच्या गोतावळ्यात मुंबईची थोडीफार माहिती असलेला मीच, त्यामुळे मे महिन्यात आणि दिवाळीत मामा, मावशी, दाजी सगळ्यांचे फोन मलाच. कोणत्या चौपाटीवर जायचं? तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो. आवड माझी आहे, पटली नाही तर खुशाल भांडा :)

माझं मत सरळ आहे. आपल्यासारख्या पाहुण्यांनी चौपाटी निवडताना पाणी किती छान दिसतं ते बघूच नये. पाण्यात न उतरता तिथे संध्याकाळ कशी जाते, ते बघावं.

या हिशोबाने पहिला नंबर गिरगावचा. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. वाळूत बसायचं, उजवीकडे मलबार हिल, डावीकडे मरीन ड्राइव्हचं वळण. दिवे लागले की 'राणीचा हार' म्हणजे काय ते पोरांना सांगावं लागत नाही. १९२० साली लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले ते इथेच, त्यांचा पुतळाही इथेच आहे. पाणी घाण असतं म्हणून लोक नाकं मुरडतात. मी म्हणतो बरंच आहे, कुणाला आत जावंसं तरी वाटत नाही!

दुसरी दादरची. दिसायला काही खास नाही, वाळूही थोडीच. पण डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांना शेवटचा निरोप दिला गेला तो याच किनाऱ्यावर. आज तिथे चैत्यभूमी आहे, आणि दर ६ डिसेंबरला मराठवाड्यातून माणसं येतात. आपल्याकडच्या कितीतरी आज्या-आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो इथेच. ज्या किनाऱ्यावर माणसं दर्शनाला येतात, तो 'पिकनिक स्पॉट'च्या यादीत नसला म्हणून काय झालं?

तिसरी जुहू. लांबच लांब वाळू, भेळ, गोळा, आणि डोक्यावरून जाणारी विमानं. पोरं समुद्र विसरून विमानंच मोजत बसतात. वेळ असेल तर पुढे वर्सोव्याला जा. तिथे २०१५ पासून लोकांनी स्वतः कचरा उचलायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये त्याच वाळूतून कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली. आपल्या बिंदुसरेकडे बघताना हे आठवायला हवं.

आता आक्सा. मालाडच्या पलीकडे, मोकळा, या सगळ्यांत देखणा किनारा. आणि तो माझ्या यादीत नाही. तिथे कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येत असते.

आपली अडचण वेगळीच आहे. पोहायला येत नाही त्याला धोका आहेच. पण पोहता येणाऱ्यालाही तो आहे. आपल्याकडची पोरं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत शिकतात, मग काठावरून मुटके मारतात. पण विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं, थकलं की हाताशी कपार असते. समुद्राचं पाणी चालतं. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचं पाणी कुठूनतरी परत जाणारच, ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. त्या पट्ट्यात लाट कमी दिसते, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. आणि अडकला की सरळ किनाऱ्याकडे हात मारत बसतो, दमतो. खरं तर किनाऱ्याला समांतर पोहत आधी त्या ओढीतून बाहेर पडायचं असतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली डझनभराहून जास्त कॉलेजची मुलं गेली. तेव्हा ना पावसाळा होता ना वादळ.

भरती-ओहोटीचा एक सोपा हिशोब कोकणी माणसं करतात. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या. कॅलेंडर तर आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असतं! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात मागे जातं. ओहोटी लागली की ओढ आतल्या बाजूला, हे लक्षात ठेवा. जीवरक्षकाने शिट्टी मारली की बाहेर या, त्याच्याशी वाद घालू नका. आणि पावसाळ्यात घोट्याच्या वर पाणी नकोच.

दाजी म्हणतील, इतक्या लांब जाऊन पाय भिजवूनच परत यायचं? हो, पाय भिजवूनच. दुष्काळी भागातल्या माणसाला पाण्याची ओढ असणारच, टँकरची वाट बघत मोठे झालो आपण. एवढं पाणी समोर दिसलं की हरखायला होतं, आणि ते मला समजतं. पण ते डोळे भरून बघितलं तरी पुरतं. पोरं सगळीच्या सगळी घरी आली, की सहल झाली.