तुपाचा हिशेब दुधापासून मांडा

पावसाळा ओसरला की मुळशीच्या जलाशयाकाठी शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा लागतात. पुण्याहून आलेल्या गाड्यांच्या डिकीत तांदूळ, डाळ, गॅसची छोटी शेगडी आणि हल्ली बरेचदा तुपाची काचेची बरणी असते. त्या बरणीवर ‘ए-टू’, ‘बिलोना’, ‘वैदिक’ असे शब्द छापलेले असतात आणि किंमत किलोला दोन-अडीच हजारांच्या घरात जाते. दुसरीकडे ‘शुद्ध तूप’ म्हणून साडेतीनशे रुपये किलोचा मालही बाजारात खपतो. या दोन टोकांमध्ये गिऱ्हाईक गोंधळतं आणि ज्याची जाहिरात मोठी त्याचं तूप उचलतं. माझं म्हणणं असं की तुपाची पारख लेबलवरच्या विशेषणांवरून करणं सोडावं आणि ते किती दुधातून निघालं असेल, हा हिशेब आधी मांडावा. तो मांडला की सायीचं तूप घरी कढवणंच सर्वांत शहाणपणाचं ठरतं, आणि ज्यांना विकत घ्यावंच लागतं त्यांनी ते कुणाकडून आणि काय भावाने घ्यावं हेही उलगडतं.

हिशेब अवघड नाही. तुपात ९९.५ टक्के दुधातला स्निग्धांश, म्हणजे दूधवाल्यांच्या भाषेतली फॅट, असलीच पाहिजे असा सरकारी निकष आहे. फुल क्रीम दुधात ही फॅट किमान ६ टक्के असते. लिटरमागे साठ-बासष्ट ग्रॅम. कणभरही वाया गेलं नाही असं धरलं तरी किलोभर तुपाला सोळा-सतरा लिटर दूध लागतं. लिटरला सत्तर रुपये धरले तर नुसत्या दुधाचेच साडेअकराशेच्या आसपास होतात. मोठ्या डेअरीला हे स्वस्तात जमतं, कारण ती गोठ्यावरच्या भावाने दूध घेते आणि फॅट काढल्यावर उरलेलं दूध पिशवीतून किंवा पावडर करून विकते. म्हणून नावाजलेल्या सहकारी संघाचं तूप सहा-सातशेला मिळावं, यात संशय घेण्यासारखं काही नाही. साडेतीनशेचं तूप मात्र कुठल्याच आकडेमोडीत बसत नाही. तिथे दुधाऐवजी दुसरं काहीतरी आहे, हे बरणी उघडण्याआधीच समजायला हवं.

ते दुसरं काय, हे घरच्या घरी ओळखण्याच्या युक्त्या मोबाइलवर फिरत असतात. तळहातावर तूप वितळवून बघा, फ्रिजमध्ये ठेवून थर बघा. यातल्या एकीवरही विसंबू नये. वनस्पती तुपाची भेसळ पकडता यावी म्हणून आपल्याकडे वनस्पतीत तिळाचं तेल मिसळणं कायद्याने सक्तीचं केलं गेलं. आम्ल घालून तपासल्यावर तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि चोरी उघड होते. पण भेसळ करणाऱ्याने थेट रिफाइंड पाम तेल किंवा जनावराची चरबी वापरली की ही खूण कामाची राहत नाही. मग प्रयोगशाळेतल्या यंत्रावर स्निग्धाम्लांची सगळी घडण तपासावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिरुपतीच्या लाडवांच्या तुपावरून देशभर गदारोळ झाला, तो आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेतल्या अहवालावरून. एवढ्या मोठ्या देवस्थानाला जिथे यंत्राचा आधार घ्यावा लागतो, तिथे स्वयंपाकघरातल्या तळहाताची काय कथा?

आता महागड्या बरणीकडे वळू. देशी गाईच्या दुधात फॅट साधारण ४ टक्के धरली तर किलोला पंचवीस लिटर दूध लागतं, आणि ऐंशी रुपये लिटरने त्याचे दोन हजार होतात. म्हणजे दोन-अडीच हजारांचा भाव ऐकून लगेच लूट म्हणायचं कारण नाही. तक्रार आहे ती दाव्याबद्दल. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचा आहे. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्धांश असतं. कढवताना प्रथिनं बेरीत जातात आणि बेरी गाळणीत राहते. जे त्या बरणीत जवळपास नाहीच, त्याच्या नावाने जास्तीचे पैसे का मोजायचे? देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये नेमकं हेच बोट ठेवून असे दावे काढून टाकायला सांगितलं होतं. पाच दिवसांत तो आदेश मागे घेतला गेला, याचा मला मनापासून खेद वाटतो. आदेश मागे गेला म्हणून रसायनशास्त्र बदलत नाही.

म्हणून घरच्या सायीकडे यायचं. रोजच्या दुधाची साय विरजणाच्या भांड्यात साठवायची, आठवड्याने घुसळायची, लोणी दोन-तीन पाण्यांतून धुऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. लोण्यात पाणी असतं तोवर पातेलं तडतडतं आणि पांढरा फेस वर चढतो. पाणी आटलं की आवाज बसतो, फेस विरतो, तळाची बेरी दिसू लागते. ती बदामी झाली की आच बंद. याच वेळी अनेक घरांत विड्याचं पान टाकतात. पाच मिनिटं आधी उतरवलं तर ओल राहून तुपाला वास सुटतो, पाच मिनिटं उशीर झाला तर बेरी करपून तूप कडवट होतं. नंतर ते न हलवता सावकाश निवू द्यायचं, तेव्हा दाणा रवाळ पडतो. यात लागणारी अक्कल कानाची आणि नाकाची आहे, आणि ती दोन-तीन खेपांत येते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. नवरा-बायको दोघंही नोकरीला असलेल्या घरात साय कुणी सांभाळायची? रास्त प्रश्न आहे, आणि हे काम पुन्हा घरातल्या बाईच्या माथी मारायचं असेल तर मी त्याची वकिली करणार नाही. पण प्रत्यक्ष काम आठवड्यातून एकदा तासाभराचं आहे, मिक्सरने ते आणखी हलकं होतं आणि पातेल्यापाशी उभं राहायला कुणीही चालतं. दुसरा आक्षेप दुधाचा. टोन्ड दुधात फॅट ३ टक्केच असते आणि होमोजिनाइज केलेल्या दुधावर साय धड धरत नाही. अशा घरांनी हट्ट धरू नये. अॅगमार्कचा शिक्का असलेलं सहकारी संघाचं तूप आणावं. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, तब्येतीचा. तुपात संपृक्त स्निग्धाम्लं साठ टक्क्यांच्या आसपास असतात आणि ग्रॅमला नऊ कॅलरी. तूप कितीही खा, बाधत नाही, हा हल्लीचा प्रचार मला धोकादायक वाटतो. पण इथेही घरची साय मदतीला येते. रोज एक लिटर फुल क्रीम दूध घेणाऱ्या चौघांच्या घरात महिन्याला साधारण अठराशे ग्रॅम फॅट येते. तिच्यातली निम्मी सायीतून निघाली तर नऊशे ग्रॅम तूप, म्हणजे माणशी दिवसाला साडेसात ग्रॅम, दीड चमचा. शिवाय ही फॅट बाहेरून आलेली नाही, ती प्यायच्या दुधातूनच वाटीत गेली. किती खावं याची मर्यादा दूधच घालून देतं.

आणि तंबूत? तिथे तर तुपाला तोड नाही. टेबल बटरमध्ये सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असतं, त्याला फ्रिज लागतो, आणि छोट्या शेगडीच्या एकवटलेल्या आचेवर पातळ तव्यात ते लगेच काळं पडतं. तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे जंतूंना वाढायला जागा नाही. आणि त्याला धूर सुटतो तो अडीचशे अंशांच्या आसपास. काचेची बरणी मात्र घरी ठेवावी. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत दोन दिवसांपुरतं तूप घ्यावं, मे महिन्यात ते पातळ होणार हे धरून डबी पिशवीत उभी ठेवावी, आणि ताम्हिणी घाटाच्या दमट हवेत ओला चमचा आत जाऊ देऊ नये. आंबेमोहोराचा भात मुळशी-मावळातलाच; त्यावर वरण आणि चमचाभर घरचं तूप, एवढ्यावर डोंगरातलं जेवण पुरं होतं.

या डोंगरांना तुपा-लोण्याचं अर्थकारण नवं नाही. रस्ते आणि डेअरीच्या गाड्या येण्याआधी सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवळी धनगर म्हशी राखत. नासणारं दूध खाली नेणं शक्य नव्हतं, म्हणून ताक घरी पीत आणि लोणी-तूप देऊन खालच्या गावांतून धान्य आणत. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या व्यवस्थेचा बारकाईने अभ्यास केला आहे. अशा खालच्या गावांची मुळशी खोऱ्यातली भातखाचरं पुढे टाटांच्या धरणात गेली. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. आज त्याच पाण्याकाठी लोक हौसेने तंबू ठोकतात आणि तूप मात्र दुसऱ्या राज्यातून कुरिअरने मागवतात. स्थानिक तुपाची खात्री काय, असं विचारलं जाईल. खात्री आपोआप मिळत नाही, हे खरं. पण छोट्या उत्पादकाला अन्नसुरक्षा नोंदणी नाममात्र शुल्कात मिळते, बचत गटाला ती सहज घेता येते, आणि गोठा डोळ्यांनी पाहता येतो, जे कुरिअरच्या बरणीबाबत अशक्य आहे.

मुळशीत कॅम्प चालवणाऱ्यांनी आपल्या भटारखान्याचं तूप जवळच्या वाड्या-वस्त्यांतून, नोंदणी केलेल्या बचत गटांकडून घ्यावं आणि तसं पाहुण्यांना सांगावं. आणि तुम्ही स्वतः विकत घेत असाल तर कुठल्या जनावराचं दूध, किती लिटरचं आणि कधी कढवलं एवढं विचारा. उत्तर दुधाच्या हिशेबाला जुळलं, तर किलोला बाराशे-पंधराशे सांगणाऱ्या बाईशी घासाघीस करू नका.