साखर निर्यातीला परवानगी मिळाली, पण उसाच्या बिलात किती पडणार?

श्रीपूर (ता. माळशिरस), प्रतिनिधी : केंद्र सरकारने २० जानेवारी २०२५ रोजी १० लाख टन साखर निर्यातीला परवानगी दिली. गावागावांतल्या ग्रुपवर बातमी फिरली आणि आता ऊसदर वाढणार अशी चर्चा सुरू झाली. पण आकडे नीट पाहिले तर फार हुरळून जाण्यासारखं काही नाही.

श्रीपूरची ओळखच साखरेची. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथलाच, आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथेच आहे. त्यामुळे दिल्लीत निर्णय झाला की त्याचा हिशोब इथल्या पारावर मांडला जातो.

कोटा किती?

प्रत्येक कारखान्याला मागच्या तीन हंगामांच्या सरासरी उत्पादनाच्या ३.१७४ टक्के कोटा मिळाला. म्हणजे सरासरी १० लाख क्विंटल साखर काढणाऱ्या कारखान्याला जेमतेम ३१,७०० क्विंटल. शंभर पोत्यांत तीन पोती बाहेर जाणार होती, बाकीची सत्त्याण्णव इथल्याच बाजारात विकायची होती.

२०२१-२२ च्या हंगामात हाच देश जवळपास ११० लाख टन साखर बाहेर पाठवत होता, तीही अनुदानाशिवाय. पुढच्या वर्षी सरकारने कोटा सुमारे ६० लाख टनांवर आणला आणि २०२३-२४ ला निर्यात बंदच ठेवली. कारण २०२३ ला पावसाने दगा दिला, उजनी पूर्ण भरलं नाही, ऊस कमी पडेल अन् साखर महागेल ही धास्ती. नेमकं त्याच नोव्हेंबरात जगातला साखरेचा भाव बारा वर्षांतल्या उच्चांकावर होता. भाव होता तेव्हा दार बंद होतं. जानेवारी २०२५ मध्ये दार किलकिलं झालं तेव्हा भाव बराच खाली आला होता.

ब्राझीलचं गणित

जगात सगळ्यात जास्त साखर विकतो ब्राझील. तिथला मुख्य गाळप हंगाम एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत. आपला दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलला आटोपतो. म्हणजे ब्राझीलचे कारखाने थंड असतात तेव्हा आपली नवी साखर तयार असते. शिवाय बांगलादेश, इंडोनेशिया, आखाती देश, पूर्व आफ्रिका आपल्याला जवळ, त्यामुळे जहाजभाडंही कमी. पण परवानगी जानेवारीच्या शेवटी आली तर ही संधी दोन-तीन महिन्यांचीच उरते. मुदत ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत असली तरी एप्रिलनंतर ब्राझीलशी टक्कर होती. कच्चं तेल स्वस्त झालं की तिथले कारखाने इथेनॉल कमी करून साखर वाढवतात, अन् भाव आणखी पडतो.

गिऱ्हाईकही कायमचं नसतं. इंडोनेशियाने २०२० च्या सुमारास कच्च्या साखरेच्या रंगाचा नियम सैल केल्यावर आपला माल तिकडे मोठ्या प्रमाणात गेला. आपण एक वर्ष पाठ फिरवली की तोच व्यापारी ब्राझील नाहीतर थायलंडकडे जातो. अनुदान देऊन माल खपवण्याची वाटही अवघड आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या समितीने डिसेंबर २०२१ मध्ये भारताच्या विरोधात निकाल दिला, त्यावर भारताने अपील केलं.

शेतकऱ्याचं काय?

साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये किलो झाला, जानेवारी २०२५ मध्येही तो तेवढाच होता. २०१९ मध्ये एफआरपी टनाला २,७५० रुपये होती, २०२४-२५ च्या हंगामात ३,४०० होती. तीही १०.२५ टक्के उताऱ्याला, अन् त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. ही तफावत शंभरातली तीन पोती बाहेर पाठवून भरून निघणारी नव्हती. मात्र साखर देशाबाहेर गेल्याने इथल्या बाजारात भावाला थोडा आधार मिळण्याची आणि कारखान्यांकडे रोख पैसा येण्याची शक्यता होती. थकलेली बिलं निघायला त्याचा उपयोग होऊ शकत होता.

म्हणून सभासदांनी कारखान्याला दोन गोष्टी विचाराव्यात. कोट्यातली साखर काय भावाने विकली? की कोटाच दुसऱ्या कारखान्याशी बदलून घेतला? आणि सरकारकडे मागणी करायचीच असेल तर ती पुढच्या हंगामाचा निर्णय मोळी टाकायच्या आधी जाहीर करण्याची असावी. गाळप अर्धं उरकल्यावर आलेल्या परवानगीचा फायदाही अर्धाच राहतो.