कानाचा डॉक्टर, पण नेमका कुठला?

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण सोबत एक डॉक्टर घेऊन येतो. ‘आमच्या साडूंचं ऑपरेशन त्यांनीच केलं’, ‘हाताला गुण आहे’, ‘अपॉइंटमेंट मिळत नाही, पण माझं नाव सांगा’. अशा शिफारशींवर निम्मा महाराष्ट्र बरा होत आलेला आहे, त्यामुळे मी त्याची टिंगल करणार नाही. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा यांच्यासाठी ही पद्धत झकास चालते, कारण त्या वाटेने ओळखीतले ढीगभर लोक आधी जाऊन आलेले असतात. पंचाईत होते ती साडूंना, शेजाऱ्यांना, कुणालाच कधी न झालेलं दुखणं आपल्या घरात निघतं तेव्हा.

माझी थोरली बहीण साताऱ्याला एका शाळेत संगीत शिकवते. तिने मला फोनवर सांगितलं, “अरे, मला माझे डोळे ऐकू येतात.” पेपर वाचताना नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली की तिच्या डाव्या कानात बारीक खरखर होई. चालताना टाच टेकली की कानात धप्प. पापड खायला घेतला की समोरच्याचं बोलणं त्यात बुडून जाई. स्वतःचा आवाज रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा घुमे. वर्गात पोरांनी खच्चून ‘सा’ लावला की समोरचा फळा हलायचा. जोरात शिंक आली किंवा भरलेली बादली उचलली की भोवंड. आणि गंमत अशी, की बाहेरच्या माणसाचं बोलणं मात्र त्याच कानाला जरा कमी ऐकू यायचं. आतलं सगळं मोठं, बाहेरचं लहान.

या तक्रारी ऐकून मंडळींनी काय काय सुचवलं ते इथे मांडत बसत नाही. लसणीचं कोमट तेल त्यात होतंच. (कानात काहीही ओतू नये, हे मी जाता जाता सांगून ठेवतो.) डॉक्टरांकडेही वेगवेगळी उत्तरं मिळाली. एकांनी ‘मेनिएर’ म्हटलं, व्हर्टिनच्या गोळ्या दिल्या आणि लोणचं-पापड बंद केले. चक्कर, कानात आवाज, कमी ऐकू येणं असं एकत्र दिसलं की आपल्याकडे बहुतेकदा तेच नाव पुढे येतं. दुसरीकडे ‘या वयात बायकांना असं होतं’ असं सांगून झोपेची गोळी लिहून दिली. डोळे ऐकू येतात असं पन्नाशीची बाई म्हणते, तेव्हा तिच्या कानाआधी तिच्या मनाची तपासणी सुरू होते. याची मला अजूनही चीड आहे. ताई तर सुरांची माणूस; कुठला आवाज कुठून येतोय हे ओळखण्यातच तिची हयात गेली. पण तिचं ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

मग पुण्यातले एक खरोखर मोठे कानाचे सर्जन झाले. त्यांनी ऑडिओग्राम पाहिला, ‘ओटोस्क्लेरॉसिस’ असं निदान केलं आणि ऑपरेशनची तारीख सुचवली. शाळेच्या विज्ञानात आपण हातोडा, ऐरण आणि रिकीब शिकलो, त्यातली ती रिकीब या रोगात जखडून बसते; मग तिचा भाग काढून तिथे बारीकसा पिस्टन बसवतात. ऑपरेशन चांगलं आहे, हजारो लोकांना त्याने ऐकू आलेलं आहे. फक्त ताईची रिकीब जखडलेली नव्हती.

हे आम्हाला कळलं ते एका ऑडिओलॉजिस्टमुळे. आणि हा लेख खरं तर एवढ्याचसाठी आहे.

ऑपरेशनच्या आधी ऐकण्याची तपासणी पुन्हा करायची होती. साताऱ्यातल्या एका तरुण ईएनटी डॉक्टरने “मला हे नीट कळत नाहीये, पण अमुक बाईंकडे तपासणी करा, त्या घाई करत नाहीत” असं सांगून एक पत्ता दिला. ‘मला कळत नाहीये’ असं म्हणणारा हा पहिला डॉक्टर. बाईंची खोली जिन्याखाली काढल्यासारखी. भिंतींना गालिचा, मध्ये काच, काचेपलीकडे ताई हेडफोन लावून हातात बटण घेऊन बसलेली. आवाज आला की बटण दाबायचं. हवेतून येणारे आवाज झाले, मग कानामागच्या हाडावर पट्टा बसवून हाडातून जाणारे आवाज झाले. दाजी बाहेर फाईल मांडीवर घेऊन बसले होते.

बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. खालच्या सुरांमध्ये हाडावाटे ऐकण्याची खूण शून्याच्या रेषेच्याही वर गेली होती. म्हणजे चारचौघांना हाडावाटे जे ऐकूही येणार नाही, ते ताईला ऐकू येत होतं. हवेतून मात्र तेच सूर कमी. हवा आणि हाड यांच्यातली ही दरी पाहूनच आधी ओटोस्क्लेरॉसिस म्हटलं गेलं होतं. बाईंनी मग दुसऱ्या यंत्राची नळी कानात बसवली आणि मोठा आवाज सोडून रिकिबीला लागलेला चिमुकला स्नायू आकसतो का ते पाहिलं. रिकीब जखडलेली असेल तर हा प्रतिसाद सहसा मिळत नाही. ताईचा आलेख दर वेळी छान खाली वळत होता. ही तपासणी काही मिनिटांची, फार खर्चाचीही नाही. ऑपरेशनची तारीख देण्याआधी ती कुणी केली नव्हती.

शेवटी बाईंनी ड्रॉवरमधून नादकाटा काढला, तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा ताईच्या पायाच्या घोट्यावर टेकवला. घोट्यावर! “कुठे ऐकू येतंय?”

ताई म्हणाली, “डाव्या कानात. आणि सूर लागलाय चांगला.”

बाई हसल्या. म्हणाल्या, “रोगाचं नाव सांगणं माझं काम नाही. पण ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आधी हा सीटी करून घ्या.” आणि एका चिठ्ठीवर त्यांनी सीटी कसा हवा ते लिहून दिलं.

त्या सीटीतून पुढे जे नाव निघालं ते म्हणजे सुपीरियर कॅनाल डिहिसन्स. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यातली सगळ्यात वरची नलिका मेंदूच्या अगदी खाली, कवटीच्या तळाच्या हाडात पुरलेली असते. तिच्यावरचं हाड मुळातच पातळ. काहींच्या बाबतीत ते एका जागी नसतंच. आतल्या कानाला एरवी दोन खिडक्या असतात: एकीतून रिकीब आवाज आत ढकलते, दुसरी त्या दाबाला वाट देते. हाड नसेल तिथे तिसरी खिडकी उघडते. मग बाहेरून आलेल्या आवाजाचा जोर त्या खिडकीतून निसटतो, म्हणून बाहेरचं कमी ऐकू येतं. अंगातल्या हालचाली हाडावाटे आत शिरतात, म्हणून डोळ्यांची बुबुळं, टाचा, नाडी, स्वतःचा गळा हे सगळं कानात वाजू लागतं. आणि आवाजाचा दाब तोल सांभाळणाऱ्या नलिकेतच शिरल्यामुळे ‘सा’ लागला की फळा हलतो. ताईच्या तक्रारींपैकी एकही तक्रार वेडगळ नव्हती. एकच भोक त्या सगळ्यांचा हिशेब देत होतं.

आवाजाने चक्कर येते हे इटलीतल्या पिएत्रो तुलिओ यांनी १९२०च्या दशकात कबुतरांवर दाखवलं होतं. त्यांनी कबुतरांच्या या नलिकांना भोक पाडलं, आवाज केला, आणि कबुतरांच्या माना वळल्या. पण माणसात हे कुठून होतं याचा छडा लागायला १९९८ साल उजाडलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांचे डोळे आवाजासरशी कुठल्या दिशेला सरकतात ते बारकाईने पाहिलं. ती दिशा वरच्या नलिकेच्या प्रतलाशी जुळत होती. मग सीटीत ते भोक सापडलं. पुढे २००० साली हजार कानांची हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली तेव्हा असं पूर्ण भोक साधारण अर्ध्या टक्क्यात मिळालं. ज्यांच्यात ते असतं त्या सगळ्यांना त्रास होतोच असं नाही.

आता हे १९९८ लक्षात घ्या. ‘सर चाळीस वर्षं प्रॅक्टिस करताहेत’ हे आपल्याकडे सर्वांत मोठं प्रमाणपत्र. पण चाळीस वर्षांपूर्वी सर शिकत होते तेव्हा हा रोग पुस्तकात नव्हता. नंतर त्यांनी वाचला असेल तर उत्तम, नसेल तर त्यांचा अनुभव इथे उलटतो: ज्या रोगाचे शेकडो रुग्ण पाहिले, तोच त्यांना पुन्हा दिसतो. शिवाय ईएनटी या तीन अक्षरांच्या पोटात किती वेगवेगळे उद्योग आहेत हे आपण विचारतच नाही. कुणाचा दिवस सायनसच्या दुर्बिणीत जातो, कुणाचा टॉन्सिल आणि घोरण्यात, कुणी पडदे शिवतो, कुणी घशाच्या कॅन्सरचं काम करतो. पाटीवर डिग्री सगळ्यांची तीच. आतल्या कानाचं आणि कवटीच्या तळाचं काम करणारे मोजके, आणि त्यांचं वेगळेपण बहुतेकदा पाटीवर लिहिलेलं नसतं.

कोण नेमकं काय करतं हे ठाऊक असतं ते जिन्याखालच्या खोलीला. गावातल्या सगळ्या सर्जनांचे रुग्ण ऑपरेशनच्या आधीही तिथे येतात आणि नंतरही. कुणाच्या हातून ऐकू येणं सुधारलं, कुणाच्या हातून गेलं, कुणाला कॉक्लिअर इम्प्लांटचा सराव आहे, कोण चक्करच्या रुग्णाला पाच मिनिटांत वाटेला लावतो, हे आलेखांच्या रूपात तिथे जमा होत राहतं. हे ज्ञान कुणी छापत नाही. पण ‘माझ्या जागी तुमची बहीण असती तर तुम्ही कुणाकडे नेलं असतं?’ असं नीट विचारलं तर उत्तर मिळतं. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेलं ऑडिओलॉजीचं शिक्षण आहे, वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. जिथे हा विषय शिकवला जातो तिथली तपासणी निवांत होते, असा माझा समज आहे. आपल्याकडे मात्र ऑडिओलॉजिस्ट म्हणजे श्रवणयंत्र विकणारा माणूस, एवढीच ओळख.

चिठ्ठीवरचा सीटीही साधा नव्हता. कानाच्या हाडाचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या कापांचा, आणि त्या नलिकेच्या प्रतलात पुन्हा जुळवून घेतलेला. काप जाड असले तर पातळ हाडसुद्धा भोकासारखं दिसतं आणि नसलेला रोग निघतो. दाजींना फिल्म घेऊन जायची सवय. तज्ज्ञांना हवी होती सीडी, कारण त्यांना चित्रं स्वतः फिरवून पाहायची होती. तीच गोष्ट ऑडिओग्रामची. ‘मिक्स्ड हिअरिंग लॉस’ ही खालची ओळ कुणाच्या उपयोगाची नाही, मूळ आलेख लागतो. मानेच्या आणि डोळ्याखालच्या स्नायूंवर तारा चिकटवून करतात ती व्हेम्प तपासणीही झाली. ताईचा डावा कान फार हलक्या आवाजाला आणि फार जोरात प्रतिसाद देत होता. तोल आणि कान यांच्या अभ्यासासाठी ज्यांना १९१४चं नोबेल मिळालं त्या रॉबर्ट बाराणींच्या नावाच्या संस्थेने २०२१मध्ये या रोगाचे निकष ठरवले आहेत. लक्षणं, तपासणीतली खूण आणि सीटी, तिन्ही जुळल्याशिवाय हे नाव द्यायचं नाही, असा त्यांचा आग्रह आहे. नुसत्या सीटीवर ऑपरेशन सुचवणाऱ्यापासून म्हणूनच चार हात लांब राहावं.

ज्यांच्याकडे अखेर गेलो त्या सर्जनबाईंनी ताईला पहिला प्रश्न विचारला तो असा: “पेपर वाचताना त्रास होतो का?” ताईने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस ही गोष्ट तिला पटवून द्यावी लागत होती; इथे समोरूनच विचारणा झाली. मी माझे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत, हा त्यातला सोपा. किती जणांना ऑपरेशन करू नका म्हणालात, हा खरा. बाई रागावल्या नाहीत. ऑपरेशनात ती नलिका बुजवतात. एक वाट कानामागून, दुसरी मेंदू किंचित उचलून वरून, आणि वरून जायचं तर सोबत न्यूरोसर्जन हवा. त्यात ऐकू येणं कमी होण्याचा धोका असतो, आणि ताईची रोजी गळ्याइतकीच कानावर आहे. “काय आहे ते कळलंय, आणि हे कॅन्सरसारखं पसरत नाही,” त्या म्हणाल्या. “फळा हलणं सहन होईना तेव्हा या. तोवर जोर लावणं टाळा.”

ताईने ऑपरेशन केलेलं नाही. समूहगान तिने दुसऱ्या शिक्षिकेकडे दिलं आणि स्वतः हार्मोनियमचा वर्ग घेतला. लोणचं पुन्हा सुरू झालं. बादल्या दाजी उचलतात, आणि त्याबद्दल रोज बोलून दाखवतात.

तेव्हापासून कान या विषयातला जाणकार म्हणून माझं नाव विनाकारण झालंय. सोसायटीतल्या काकांनी परवा मला जिन्यात गाठलं. त्यांना स्वतःचा आवाज घुमतो म्हणे, उजवा कान बंद वाटतो, नक्की ‘ते तुमच्या ताईंचं’ असणार. मी त्यांना आधी कोपऱ्यावरच्या ईएनटीकडे धाडलं. कानात मळ होता. तो काढल्यावर सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं, आणि काका त्या डॉक्टरवर अजून नाराज आहेत.